कोंडलेल्या हवेचा उन्हाळा

परवा कूलर काढला. माळ्यावरून तो उतरवताना दरवर्षी जे होतं तेच झालं. माझं बोट चेपलं, टाकीतून एक वाळकी पाल निघाली, आणि आई खालून "हळू, हळू" म्हणत मला आणखी घाईला आणत होती. गल्लीतून ओरडत जाणाऱ्या माणसाकडून नव्या ताट्या घेतल्या, बसवल्या, पाणी सोडलं. ओल्या गवताचा तो वास पाच मिनिटांत घरभर झाला. आमच्या नागपुरात उन्हाळा पंचांगातून येत नाही, त्या वासातून येतो. पंखा फिरायला लागला तशी खिडकीची चौकट घुमू लागली, आणि मी खालीच बसून तो घुमणारा आवाज ऐकत राहिलो. बायको म्हणाली, "झालं, लागला पुन्हा नाद." तिचं म्हणणं बरोबर होतं.

तो नाद दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातला. त्या उन्हाळ्यात मी आमच्या लहानशा गाडीच्या डिक्कीत एक लाकडी डबा बसवला. डबा पूर्ण बंद, दार नाही, झाकण नाही, आत फक्त हवा आणि तिच्या तोंडावर एक वूफर. वूफर म्हणजे गाण्यातला नुसता खालचा, धमधम आवाज काढणारा मोठा स्पीकर. वरातीतल्या डीजेच्या गाडीवर जे काळे राक्षस रचलेले असतात, त्यांचं एक लहान भावंड. मी शाळेत भूगोल शिकवतो. वारे कुठून कुठे वाहतात हे मला पाठ आहे, पण बंद डब्यातली हवा काय करते याचा मी जन्मात विचार केला नव्हता. असल्या माणसाने हा उद्योग का केला, ते सांगायचं तर बाबांच्या कानांपासून सुरुवात करावी लागेल.

बाबा इतवारीकडच्या एका डाळमिलमध्ये तीस वर्षं फिटर होते. तिथल्या यंत्रांच्या खडखडाटाने त्यांचे कान नेले. एकदम नाही नेले. भाडेकरू घर सोडताना एकेक सामान हलवतो, तसे. आधी कोकिळा गेली, मग फोनची घंटी, मग कुकरची शिटी, आणि शेवटी माणसांची बोलणी. ऐकायचं यंत्र आणलं होतं. ते घातलं की भांडी तेवढी कानात शिरतात आणि माणसं बाहेरच राहतात, असं सांगून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं.

पण "मला ऐकू आलं नाही" असं बाबांनी कधी कुणाला म्हटलं नाही. ते "हो" म्हणायचे. चहा टाकू का? हो. आज मंगळवार ना? हो. दूधवाला का नाही आला? हो. तो हो इतका प्रसन्न असायचा की पाहुण्याला वाटावं, काय मनमिळाऊ गृहस्थ आहेत. घरच्यांना मात्र कळायचं की आपलं वाक्य पोचलेलं नाही. एकदा आई त्यांना म्हणाली, "दोन दिवसापासून छातीत जळजळ होऊन राहिली मले." बाबा हसून हो म्हणाले आणि पेपरचं पान उलटलं. दुखणं पित्ताचं निघालं, पण आईला तो हो लागला. त्यानंतर तिने त्यांच्याशी बोलणं जवळपास सोडूनच दिलं. चाळीस वर्षांच्या वरचा संसार, आणि दिवसभरात दोघांमध्ये एवढंच: "ताट वाढलं" आणि "हो." भांडण नव्हतं. भांडण असतं तर मला बरं वाटलं असतं. मी शाळेतून घरी यायचो तेव्हा दोघं एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली बसलेले असायचे, आणि आवाज फक्त त्या पंख्याचा.

गाडीत तर बाबा येईनासेच झाले. रामटेकजवळ गावी आमची थोडी धानाची शेती आहे, चुलतभाऊ पाहतो. पूर्वी बाबांची महिन्याला एक चक्कर ठरलेली. पण गाडीत माणसं पुढे तोंड करून बोलतात, ओठ दिसत नाहीत, त्यात इंजिनाची घरघर. हो कुठे म्हणायचा हेही तिथे कळत नसणार. "तुम्ही जा, मी घर पाहतो," म्हणायचे. घर काय पाहायचं, ते कुठे पळून जाणार होतं.

मग एप्रिलात एका संध्याकाळी गल्लीतून वरात गेली. डीजे असा की खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. आईने पदर कानावर ओढला, बायकोने नाक मुरडलं, शेजारच्या काकांनी पोलिसांना फोन लावायची धमकी हवेत दिली. बाबा मात्र उठून फाटकापाशी गेले आणि लोखंडी फाटकावर दोन्ही तळहात टेकून उभे राहिले. मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. चपलेतलं उजवं पाऊल ठेका धरून होतं. वरात वळून गेली तरी ते हलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हे आलं गा मले."

रात्रभर मी काही थोर विचार वगैरे केला नाही. फक्त एवढंच वाटलं, की गाडीत असला आवाज बसवला तर बाबा गाडीत बसतील. बसले तर गावी येतील. आईही येईल. पुढचं पुढे. विचार पोरकट होता, पण सुट्ट्या लागल्या होत्या, आणि सुट्टीतला मास्तर ही घरात मोकळं सोडू नये अशी वस्तू असते.

गाड्यांना साउंड बसवणाऱ्याच्या दुकानात गेलो. त्याने डिक्की उघडली आणि पुन्हा लावून टाकली. आत गॅसची आडवी टाकी होती. पेट्रोल परवडेना म्हणून आम्ही गाडी गॅसवर केली तेव्हापासून आमच्या डिक्कीत एखादी भाजीची पिशवी आणि थोडीशी आशा एवढंच मावतं. "सर, रेडिमेड डब्बा नाही बसत इथं," तो म्हणाला. "गॅस काढा नाही तं गाणं सोडा." मी दोन्हीला नाही म्हटलं. तेव्हा त्याने वाकून पुन्हा पाहिलं. टाकीच्या डाव्या अंगाला, चाकाच्या फुगवट्याच्या वर, एक विचित्र कोपरा रिकामा होता. खाली गोल, वर निमुळता, एका बाजूने तिरपा. "इथं बनवून घ्या. पण एक ध्यानात ठेवजा, पूर्ण बंद पाहिजे. सुईएवढी फट राहिली तरी मजा गेली." एक आठ इंची वूफर, त्याची ताकद वाढवणारं एक यंत्र आणि वायरींचं भेंडोळं घेऊन मी घरी आलो.

डबा कशाला लागतो, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता. वाटायचं, शोभेला असेल. घरी आल्याआल्या वूफर नुसताच टेबलावर ठेवून वाजवला. वाटलं आता कपबश्या नाचतील. कसलं काय, एखादा माणूस उशीत तोंड खुपसून खोकावा तसा आवाज. मी खट्टू झालो. मग स्पीकरवरच्या एका जुन्या पुस्तकात वाचलं म्हणून एका पुठ्ठ्याला गोल भोक पाडलं आणि तो स्पीकरच्या तोंडाला लावून धरला. एकदम टेबल घुमलं. पुठ्ठा काढला, आवाज गेला. लावला, आला. मी हे किती वेळा केलं सांगत नाही, चहा गार झाला एवढं खरं.

बाबा दारात उभे राहून पाहत होते. ते आले, माझ्या हातातून पुठ्ठा घेतला, स्वतः लावला, काढला. मग म्हणाले, "पुठ्ठ्यानं काहून वाढते गा?" मी आनंदाने समजावून सांगायला लागलो की स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची मोकळी होते. ते म्हणाले, "हो." पण त्यांनी पुठ्ठा सोडला नव्हता. पुठ्ठ्याच्या एका बाजूने हात फिरवत, दुसऱ्या बाजूला नेत, ते स्वतःशीच म्हणाले, "पुढची हवा मागं पळून जाते. मंग तिले अडवा लागते." माझं सगळं व्याख्यान त्या दोन वाक्यांत आलं होतं. आणि मला नंतर, जेवताना लक्षात आलं की किती तरी दिवसांनी बाबांनी कुणाला काहून असं विचारलं होतं.

खालच्या आवाजांचा विचार करायला लागलं की माणूस वेडा होतो. वरात दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा गाणं ऐकू येत नाही, सनई नाही, शब्द नाहीत, येतो तो नुसता धम. बाकीचे आवाज भिंतींना धडकून थांबतात आणि हा मात्र भिंतीला वळसा घालून, दाराखालून, उशीतून येतोच. कुठून येतोय हेही सांगता येत नाही. कोकिळा कुठल्या झाडावर आहे हे डोळे मिटून सांगता येतं, ढग कुठल्या कोपऱ्यात गडगडला ते धड सांगता येत नाही. आणि हा आवाज काढायचा तर एका डब्यात हवा कोंडून ठेवायची. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की तो परत उसळतो ना, तसं त्या कोंडलेल्या हवेने पडद्याला परत ढकलायचं. म्हणजे लाकूड निमित्तमात्र. आम्ही हवेचा एक तुकडा बनवत होतो, बरोबर मापाचा.

आणि इथेच गाडं अडलं. त्या वेड्यावाकड्या कोपऱ्यात नेमकी किती हवा मावते? रद्दीतले पुठ्ठे जोडून, चिकटपट्ट्या लावून मी त्या कोपऱ्याचा साचा बनवला. तो अंगणात ठेवला तर एखाद्या जखमी कासवासारखा दिसत होता. त्याचं घनफळ काढायला मी दोन दिवस वहीत त्रिकोण पाडले. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं. शेवटी आई गच्चीवर कुरडया घालता घालता वरून म्हणाली, "तांदूळ भरून पाहय ना त्याच्यात. पायलीनं मोज."

भूगोलाच्या मास्तराने हात टेकले आणि तांदळाचा डबा आणला. आई खाली आली, पदर खोचला आणि तिची पितळी पायली घेऊन बसली. तीन पायल्या आणि वर दोन मुठी. मग मी बाटलीने पाणी ओतून पायलीत किती लिटर मावतात ते मोजलं, गुणाकार केला आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून पाहिला. थोडं कमी पडत होतं. मी चिंतेत. तेवढ्यात लक्ष गेलं ते आईच्या हाताकडे. ती साच्यातला तांदूळ परत डब्यात भरत होती आणि प्रत्येक पायलीवर शीग चढवत होती, वर छान टोक येईपर्यंत.

"आई, तू आधीही असंच मोजलं का?"

"मंग कसं मोजू? सपाट माप कोणी देते का?"

तिच्या हाताला धान्य काठोकाठ पुसून मोजायची सवयच नव्हती. गावी सपाट पायली देणाऱ्याचं नाव काढत नाहीत. माझं लिटरचं माप सपाट, तिचं शिगेचं, म्हणजे हवा मोजली त्यापेक्षा जास्तच होती. स्पीकरची पाठ आत जाऊन जी जागा खाणार तीही त्या शिगेत भागली. आमच्या गाडीतला डबा असा आईच्या मनाच्या मापाचा आहे.

डबा करायला पुंडलिक मिस्त्री आले. देवघरं, दिवाण आणि धान्याच्या कोठ्या करणारे जुने सुतार. डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, कानावर पेन्सिल, आणि इंचाच्या आठव्या भागाला अजून सूत म्हणणारे. त्या दिवसांत दहाच्या पुढे गाडीच्या तापलेल्या पत्र्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून ते सकाळी सहालाच यायचे आणि उन्हं अंगणातल्या निंबाच्या बुंध्यापाशी आली की काम गुंडाळायचे. साचा त्यांनी उलटासुलटा करून पाहिला.

"हे काय होय सर? कोपऱ्यातलं देवघर?"

"स्पीकरचा डबा."

"दार कोन्त्या बाजूनं?"

"दार नाही."

"मंग उघडाचं कसं?"

"उघडायचंच नाही."

"दार नाही, उघडाचं नाही. मंग ठेवता काय त्याच्यात?"

"हवा."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या बाबांकडे पाहिलं. त्यांना वडीलधाऱ्या माणसाची खात्री हवी होती. बाबा हसून म्हणाले, "हो." काम सुरू झालं.

काय सुरेख डबा केला त्या माणसाने. दुकानदाराने सांगितलेल्या, भुसा दाबून केलेल्या पाट्या पाहून ते म्हणाले होते की हे लाकूड नाही, पोळी आहे, आणि चांगला जाड प्लाय आणायला लावला. कडा अशा जोडल्या की नख जाऊ नये. चाकाच्या फुगवट्यावर तो घातलेल्या टोपीसारखा बसला, गॅसच्या टाकीपासून आणि नळीपासून चांगला चार बोटं लांब. वरून राखाडी कापडही त्यांनी स्वतःच चिकटवलं. मी वूफर बसवला, वायरी जोडल्या, घरच्यांना गाडीत बोलावलं आणि ढोलकीचं एक झकास गाणं लावलं.

आवाज फुसका निघाला. धम नाही, फस्स. मी सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बायको म्हणाली, "मस्त आहे." आई म्हणाली, "छान वाजून राहिलं." मिस्त्री म्हणाले, "एक नंबर." आमच्या घरात ऐकू न येता हो म्हणणारे बाबा एकटेच आहेत हा माझा समज त्या दिवशी गेला. खरं बोलले ते बाबाच. मागच्या सीटच्या पाठीला हात लावून ते म्हणाले, "त्या वरातीसारखं नाही हे."

चार दिवस मी वायरी उपसत होतो. कधी वायर उलटी जोडली म्हणून दोष दिला, कधी गाण्याला. पाचव्या दिवशी सकाळी बाबा लोटीभर पाणी घेऊन गाडीपाशी आले. हाताची मागची बाजू त्यांनी पाण्यात बुडवली, मला "लाव" अशी खूण केली आणि ओला हात डब्याच्या सांध्यांवरून, कडांवरून, सावकाश फिरवायला लागले. मिलमध्ये डाळीची धूळ ओढून नेणारे जाडजूड पाइप असत. ते कुठे फुटले ते डोळ्यांना दिसायचं नाही, ओल्या हाताला गार लागायचं. डब्याची पुढची बाजू झाली, वरची झाली. मग त्यांनी खांद्यापर्यंत हात डब्याच्या मागे घातला, जिथे तो गाडीच्या पत्र्याला टेकतो, आणि थांबले.

"इथून सुटून राहिली हवा," ते म्हणाले.

डबा बाहेर काढला, मागचं कापड फाडलं. पाठीच्या अगदी मध्ये सात भोकं होती. एक मध्ये, सहा भोवती. व्यवस्थित आखून पाडलेलं फूल.

मिस्त्रींना बोलावलं. ते मुळीच गडबडले नाहीत. "हवेसाठी ठेवले सर. बंद डब्ब्यात लाकूड गुदमरते आपल्या इकडे. पावसाळ्यात फुगते, मंग सडते. माह्या कोठ्या टिकल्या त्या ह्याच भोकानं."

"पण मी तुम्हाला चारदा सांगितलं, पूर्ण बंद."

"म्हणून तं मागून पाडले. तुम्हाले दिसले नसते."

"आणि फूल?"

"भोकं पाडाचेच आहे तं नीट पाडाव ना."

यावर काय रागवायचं? कुणाला न दिसणाऱ्या जागी त्यांनी फूल काढलं होतं. मिस्त्रींनी सागाच्या सात खुंट्या तासल्या, गोंद लावून ठोकल्या, वरून भुसा आणि गोंद भरला. प्रत्येक खुंटी ठोकताना त्यांचा चेहरा असा होता की आपण कुणाचं तरी नाक दाबतोय. या खेपेला गाणं लावलं आणि सीट छातीशी बोलली. निंबावरचे दोन कावळे उडाले. बाबांनी डोळे मिटले.

गोष्ट इथे संपली असती. पण मला चौकसपणाचा किडा चावलेला होता. फोनमध्ये एक सोय मिळाली, तिच्यात आकडा टाकला की त्या उंचीचा एकच सरळ सूर निघतो, आणि आकडे ओळीने टाकून ठेवले की सूर आपोआप एकामागून एक येतात. कुठला सूर डबा नीट काढतो, कुठे दमतो, ते तपासायचं ठरवलं. बाबांना मागच्या सीटवर बसवलं, वही घेतली, दोन रकाने पाडले. एक माझा, एक त्यांचा. त्यांना समोरून, तोंड हलताना दिसेल असं सांगितलं, "आलं तर आलं म्हणा, नाही तर नाही आलं म्हणा. मले तुमचं 'नाही आलं' हेच जास्त कामाचं आहे. त्याच्यावरूनच कळते डबा कुठं कमी पडते ते."

पहिल्या सहा सुरांना ते "आलं, आलं" म्हणाले. सातव्यालाही आलं. मी तोपर्यंत मान खाली घालून मागचे आकडे लिहीत होतो, स्वतःच्या कानांकडे माझं लक्षच नव्हतं. वर पाहिलं तर फोनची काच काळी. उन्हाने तापून तो बंद पडला होता. सातवा सूर वाजलाच नव्हता, कदाचित सहावाही नाही. मी फोन त्यांच्यासमोर धरला. का धरला कुणास ठाऊक, धरला नसता तर बरं झालं असतं, असं त्या क्षणी वाटलं. दोघंही त्या काळ्या काचेकडे पाहत बसलो. बाबांच्या कपाळावरून घामाची धार आली, ती त्यांनी पुसली नाही. मला वाटलं आता हे उठून घरात जातील आणि पुन्हा कधी गाडीत बसणार नाहीत.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. "पहिल्यापासून."

फोन ओल्या फडक्यात गुंडाळून थंड केला आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी त्यांनी घाई केली नाही. तळहात सीटला, डोळे मिटलेले. आलं. आलं. नाही आलं. पहिलं "नाही आलं" त्यांच्या तोंडून जरा अडखळत निघालं, दुसरं सहज. मी ते नुसतं लिहून घेत होतो, आकड्यासमोर आकडा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही उरलं नव्हतं. आणि गंमत अशी, की अगदी खालच्या सुरांना माझे कान संपले, मी माझ्या रकान्यात फुली मारली, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "आलं." त्यांच्या हाताला माझ्या कानापेक्षा खालचं ऐकू येत होतं. त्यांनी माझा रकाना पाहिला आणि मिशीतल्या मिशीत हसले. बापाने मुलाला हरवलं की जे हसू येतं ते.

मग रोज सकाळी आमचा तो वर्ग भरायला लागला. गाडीच्या साध्या स्पीकरवरून वरचे सूरही लावून पाहिले. एका जागी मला दातात कळ येण्याइतका सूर कर्कश लागत होता, आणि बाबा म्हणत होते नाही आलं, नाही आलं. मी पुस्तक उघडून पाहिलं. माणूस स म्हणतो, श म्हणतो, च म्हणतो, ते सगळे आवाज त्याच उंचीवर राहतात. आ, ओ, ऊ खालच्या मजल्यावर. म्हणजे आई बोलते तेव्हा बाबांना तिचा सूर पोचत होता, शब्दांच्या कडा तेवढ्या गळून जात होत्या. मी हे कागदावर लिहून त्यांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"हेच तं," ते म्हणाले. "आवाज येते गा. गोष्ट येत नाही."

इतकी वर्षं मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं की बाबा, तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं आणि काय नाही. मोठ्याने बोललो की कर्तव्य संपलं, असं समजत होतो. मला त्याची लाज वाटली, आणि अजून वाटते.

आई या सगळ्याकडे गच्चीवरून पाहायची. "काय शाळा लावली बापलेकानं," म्हणायची. खाली यायची नाही. सकाळभर तिला "आलं", "नाही आलं" ऐकू जात असणार. तिने त्यावर कधी काही म्हटलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शाळा उघडायला आठवडा राहिला होता तेव्हा चुलतभावाचा फोन आला, बी टाकायच्या आधी येऊन जा म्हणून. बाबांनी न सांगता पायजमा बदलला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. आई त्यांच्या शेजारी, पण खिडकीला चिकटून, मध्ये जेवणाच्या डब्याची पिशवी. मी गाणं लावलं. बाबांचा हात सीटवर, पाऊल ठेक्यात. माझा डबा छान बोलत होता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो. मनसर मागे पडलं. दोन्ही बाजूंना धानाची नांगरलेली कोरडी शेतं, आमच्याकडच्या बांध्या, उन्हात पांढऱ्या पडलेल्या. आई बाहेर पाहत काही तरी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, तिच्या आताशाच्या सवयीने, काचेला.

आरशात मला बाबांचं डोकं तिच्याकडे वळताना दिसलं. आता हो येणार, म्हणून मी रस्त्याकडे पाहायला लागलो.

"नाही आलं," बाबा म्हणाले. "पुन्हा सांग."

आईने मान फिरवली. इतक्या दिवसांत तिचं बोलणं कुणी परत मागितलं नव्हतं. "काही नाही," ती म्हणाली. "असंच."

"असंच तं असंच. पण सांग ना वं. इकडे पाहून सांग."

मी हात लांब करून गाणं बंद केलं. आईने पिशवी मधून उचलून खाली ठेवली आणि त्यांच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "त्या बांधीवरचं मोहाचं झाड तोडलं म्हटलं कोणीतरी."

बाबांनी वळून मागच्या काचेतून पाहिलं. "मोहाचं नव्हतं ते. बेहड्याचं होतं."

"मोहाचंच होतं. लग्नाच्या वर्षी बैलगाडीतून उतरून बसली होती मी त्याच्याखाली. अंगावर फुलं पडत होते."

"ते तं पुढचं. नाल्यापाशी होतं ते."

"मले सांगता तुम्ही? मी बसली होती की तुम्ही?"

"मी गाडी हाकलत होतो ना वं."

रामटेक येईपर्यंत ते मिटलं नाही. मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती, तिला मी हाताने पुढे जाऊ दिलं आणि अगदी डाव्या कडेने, जितकी हळू चालवता येते तितकी हळू, गाडी चालवत राहिलो.